मोठीमायच्या नावाचं घर

८ जानेवारी १९७४

डॉक्टर म्हणाले, आजीबाईंनी दिवसभरात काय खाल्लं, किती पाणी पोटात गेलं, ते लिहून ठेवत जा. म्हणून माझ्या लेकीच्या, सत्यवतीच्या, मागच्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं घेतली.

सकाळी कण्यांची पेज, अर्धी वाटी. निम्मी ओठातून बाहेर आली. दुपारी चमच्याने पाणी. उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही. तोंड डावीकडे ओढलं गेलं आहे. बोलणं नाही.

परवा सकाळी मोठीमाय नळावर दोन बायांचं भांडण सोडवायला गेली आणि बोलता बोलता खाली बसली. बायांना वाटलं, हट्टानं बसली. जन्मभर ती अशीच बसत आली आहे. मोहल्ल्यात नळ यावा म्हणून सगळ्या बायांना घेऊन म्युनिसिपल कमेटीच्या कचेरीच्या पायऱ्यांवर पाण्याचे रिकामे गुंड घेऊन बसली होती. पोरीला शाळेतून काढलं म्हणून एकाच्या उंबऱ्यावर दिवसभर बसली होती. त्यामुळे परवाही कुणी तिला उठवायला गेलं नाही. भांडण मिटलं, पाणी भरून झालं, तरी ती उठेना, तेव्हा शेजारची कौसल्या मला बोलवायला धावत आली. लकवा मारला होता.

१२ जानेवारी

पेज एक वाटी. दूध थोडं. पाठीला तेल लावलं.

उजाडल्यापासून माणसं येताहेत. खाटेच्या पायथ्याशी बसतात, मोठीमायच्या पायाला हात लावतात, रडतात. मी चहा ठेवते. आधण चुलीवरून उतरतच नाही. मिलमधल्या जुन्या बाया आल्या होत्या. मोठीमाय दहा-अकरा वर्षांची असताना मिलमध्ये लागली, सुताच्या कांड्या भरायच्या कामावर, आणि म्हातारी होईपर्यंत तिथंच होती. त्या म्हणाल्या, मुकादम बायांना शिव्या द्यायचा, तर हिनं एक दिवस सगळ्या खात्याला हात बांधून उभं केलं होतं.

मोठीमाय म्हणजे माझी सासू, जयवंताबाई. पंच्याहत्तरीच्या पुढं असेल, जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही. सगळा मोहल्ला तिला मोठीमाय म्हणतो. मी लग्न होऊन रामटेकाकडून आले तेव्हा तिला आत्याबाई म्हणाले होते. ती म्हणाली, "सारे म्हणतात तेच म्हण." तेव्हापासून माझीही मोठीमायच.

घरात आता आम्ही तिघी. माझे मिस्टर चंद्रभान क्षयानं गेले तेव्हा सत्यवती सहा वर्षांची होती. आता ती मॅट्रिकला आहे. धाकटे दीर मनोहरराव रेल्वेत आहेत, अजनीच्या क्वार्टरमध्ये राहतात. रोज संध्याकाळी सायकलनं येतात आणि आईचा हात धरून बसतात. ते फार हळवे आहेत.

१७ जानेवारी

मोठीमाय बोलली. मी अंग पुसत होते, तर एकदम म्हणाली, "उत्तरा."

मला वाटलं, पाणी पाहिजे. पाणी दिलं, तर मान हलवून पुन्हा "उत्तरा". कूस बदलली, तरी तेच. संध्याकाळी मनोहरराव आले, त्यांच्याकडे बघूनही "उत्तरा" म्हणाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, मी मनोहर हाय ना." ती त्यांच्या गालाला हात लावून म्हणाली, "उत्तरा."

२० जानेवारी

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, या आजारात कधी कधी एखादाच शब्द उरतो. तो शब्द का उरला, ते सांगता येत नाही. बहुतेक रोजच्या वापरातला असतो.

रोजचाच होता खरा. उत्तरा, पाणी आण. उत्तरा, पाहुणे आले. उत्तरा, पोट्ट्यायले वाढ. वीस वर्षांत माझं नाव तिनं किती वेळा घेतलं असेल, पण त्याच्या पुढं कामच असायचं. बाकी सगळं विसरली, मला हाक मारायची तेवढी विसरली नाही. आज दुपारी मला याचा राग आला. लिहून ठेवते, कारण कुणाजवळ बोलता येत नाही.

४ फेब्रुवारी

पेज दोन-तीन चमचेच. ताप आहे.

नवीनच सुरू झालं आहे. भरवायला बसले की डाव्या हातानं वाटी माझ्याकडे ढकलते. आज तर चमचा धरून माझ्याच तोंडाशी आणला. हात थरथरत होता, पेज माझ्या पदरावर सांडली. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यात पुन्हा लुगडं बदलायचं काम. चिडले तिच्यावर. डॉक्टरांना सांगायला हवं, तिचा हाताचा अंदाज गेला आहे.

९ फेब्रुवारी

आज गर्दी नव्हती. तिच्याजवळ बसले आणि छप्पन्न सालचा दसरा आठवला. कुठून आठवला कोण जाणे.

बाहेरगावची माणसं आठ दिवस आधीपासून पायी येत होती. भंडाऱ्याकडची, चांद्याकडची, रामटेकापलीकडची. मोठीमायनं रस्त्यावर उभं राहून सांगितलं, माहं अंगण मोकळं हाय, इथी टेका. अंगणात, ओसरीवर, मागच्या गल्लीत, जिथं जागा तिथं माणसं. अंगणाच्या कोपऱ्यात दगड मांडून तिनं मोठी चूल घातली. त्या वेळी सत्यवती माझ्या पोटात होती. घरोघरून मूठमूठ तांदूळ यायचे, ते मी निवडायचे आणि शिजवायचे. दसऱ्याच्या दिवशी सगळे पांढऱ्या कपड्यांत मैदानावर गेले. मोठीमाय गेली, चंद्रभान गेले, मोहल्ल्यात माणूस उरला नाही. मी चुलीपाशी होते, कारण परत आल्यावर एवढी माणसं जेवणार होती. म्हणजे नागपुरात राहून मी दीक्षा पाहिली नाही. हे मी बाहेर कुणाला सांगत नाही.

संध्याकाळी मोठीमाय आली ती तशीच चुलीकडे. मला म्हणाली, "हात धू." मग समोर बसवून जसं ऐकून आली होती तसं त्रिसरण-पंचशील माझ्याकडून म्हणवून घेतलं. तिला नीट येत नव्हतं, मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून. बाहेर माणसं भुकेली बसली होती, भात खाली लागत होता, आणि ती मला उठू देईना. भात थोडा करपलाच.

तेव्हापासून दर दसऱ्याला माणसं येतात. पूर्वीइतकी नाहीत, पण त्याच गावची, तीच घरं.

२२ फेब्रुवारी

काल सकाळी मोठीमाय गेली. मी नळावर होते.

२५ फेब्रुवारी

एवढी माणसं मी दीक्षेच्या दसऱ्यानंतर पाहिली नव्हती. घाटापर्यंत बाया चालल्या. भंतेजी आले, मैत्रीवर बोलले. मनोहरराव लहान पोरासारखे रडत होते. मी रडले नाही. मनात आलं ते खरं सांगायचं तर, आता सकाळी पेज करायची नाही, एवढंच आलं. मी अशी कशी झाले?

लोक येतात, बसतात, मोठीमायची एकेक गोष्ट सांगतात. मोहल्ल्यातला धोंडबा सांगत होता, त्याच्या बायकोला देवी आल्या, तेव्हा कुणी दारात उभं राहत नव्हतं, मोठीमायच्या घरून रोज खिचडी यायची. "काय त्या हाताले चव होती," म्हणे. आठवते मला ती खिचडी. मुगाची, लसूण तुपात परतून घातलेला, कारण त्या बाईच्या तोंडाला चव नव्हती. उकाड्याचे दिवस होते. मोठीमाय डबा घेऊन आत त्यांच्या घरात जायची, तिला भीती म्हणून कशाचीच नव्हती.

एक जाडजूड बाई आली, ओळखलीच नाही. नवऱ्यानं हाकलल्यावर दोन वर्षं आमच्याकडे राहिली होती. मोठीमायनं तिला आमची आतली खोली दिली आणि आम्ही सगळे ओसरीवर झोपायला लागलो. आता बालाघाटला शाळेत शिपाई आहे. म्हणाली, "मोठीमाय नसती तं मी विहिरीत असती." मी तिला चहा दिला.

१८ मार्च

काल विहाराच्या पटांगणात शोकसभा झाली. सविस्तर लिहिते.

मारोतराव अध्यक्ष होते. ते आता मोठ्या कचेरीत सुपरिंटेंडंट आहेत, पण मॅट्रिकचा अभ्यास त्यांनी आमच्या पुढच्या खोलीत कंदिलाखाली केला. ते म्हणाले, "मोठीमायच्या हातची भाकर खाल्ली नसती तर मी आज या खुर्चीवर नसतो. तिनं स्वतः निरक्षर राहून आम्हाला साक्षर केलं." लोक डोळे पुसत होते. मीही पुसले. मोठीमायला खरंच अक्षर येत नव्हतं. मारोतरावांनी बायांचा रात्रीचा वर्ग सुरू केला, तेव्हा बाया येईनात, तर तिनं पहिलं मला नेऊन बसवलं. म्हणाली, "घरचं माणूस बसलं पायजे, मंग बाकीच्या येईन." संख्या भरायला म्हणून बसवलं, पण मी सातवीपर्यंत गेले. बाकीच्या मधूनच सुटल्या. मी दोन दिवस गेले नाही, तर मोठीमायनं भांडी माझ्या हातातून ओढून घेतली होती आणि स्वतः घासली होती. तिला हरलेलं चालायचं नाही.

मारोतराव पुढं म्हणाले, मोठीमायचं काहीतरी स्मारक व्हायला पाहिजे. पोरांना अभ्यासाला जागा नाही. मोठीमायच्या नावानं अभ्यासिका व्हावी. जागा कुठं, एवढाच प्रश्न आहे.

मनोहरराव उठले. म्हणाले, "जागेचा प्रश्न नाही. माझ्या आईचं घर कधी आमचं एकट्याचं नव्हतं. ते समाजाचं होतं. आज मी ते समाजाला देतो."

केवढ्या टाळ्या वाजल्या. मागची माणसं उभी राहिली. मनोहरराव मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी मला आईच्या जागी आहेत. त्या आणि सत्यवती माझ्याकडे राहतील." त्यावरही टाळ्या.

मला आधी काही कळलंच नाही. माझ्या शेजारची बाई माझा हात दाबून म्हणाली, "नशीब काढलं वं, असा दीर भेटाले."

तेवढ्यात सत्यवती उठली. "मले बोलायचं हाय." मारोतराव खुश झाले. नातीनं बोललंच पाहिजे, असं म्हणाले. ती पुढं जायला निघाली. मी तिचा चेहरा पाहिला आणि तिचं मनगट धरलं. ती म्हणाली, "सोड, आई." मी सोडलं नाही. ओढून खाली बसवलं. मारोतरावांना वाटलं, पोरीला रडू आलं. त्यांनी बुद्धवंदना घ्यायला सांगितली.

बरंच झालं. ती काय बोलली असती कोण जाणे. भरसभेत काकांची शोभा झाली असती.

२० मार्च

सत्यवती माझ्याशी बोलत नाही. आज भाकर वाढली, तर ताट बाजूला सारून म्हणाली, "तू काहून गप्प बसली?"

मी म्हणाले, "मोठीमायनं हेच केलं असतं."

"मोठीमायनं त्या बाईले खोली देली, तवा स्वतः ओसरीवर झोपली. काकांनं कोणाची खोली देली? स्वतःची देली का?"

मी म्हटलं, असं मोठ्यांबद्दल बोलू नये. ती म्हणाली, "धोंडबाच्या घरची खिचडी कोणी शिजवली, थे मले सांगायचं होतं. बस. दुसरं काहीच बोलणार नव्हती मी."

मग तर बरंच झालं म्हणायचं. त्यात काय सांगण्यासारखं आहे? डबा मोठीमायच नेत होती.

३ एप्रिल

कौसल्या दुपारी आली. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माह्या भावानं वकिलाले इचारलं. घर बुढीच्या नावावर हाय. चंद्रभानभाऊचा हिस्सा तुले आन पोरीले भेटते. तुयी सही लागन. तू नाही म्हण."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणन?"

"म्हणतील, सासूच्या नावाला सून आडवी आली."

ते खरंच आहे. घर भांडून घेतलं असतं एखाद्या लोभी दिराशी. मनोहरराव लोभी नाहीत. त्यांनी स्वतःसाठी एक खिडकीसुद्धा मागितली नाही. मारोतरावही वाईट नाहीत. सगळ्यांचा मोठीमायवर जीव आहे. अशा माणसांना नाही कसं म्हणायचं, ते मला येत नाही.

जाताना कौसल्या म्हणाली, "मोठीमायनं घर देलं असतं, तं पयले तुले इचारलं असतं."

तिला काय ठाऊक. मोठीमायनं मला कधी काही विचारलं नाही. एकदाच विचारलं होतं. चंद्रभान गेल्यावर महिन्याभरानं. "तुले माहेरी जायचं असन तं सांग. मी सोता नेऊन देते. दुसरं लगन कराचं असन तरी सांग." मी म्हणाले, नाही, इथंच राहते. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. एवढंच. त्या दिवशी दारात कुणीतरी कज्जा घेऊन आलं होतं, त्यांना तिनं परत पाठवलं. दुपारभर मागच्या खोलीत दार लावून होती. तिच्या आयुष्यात दार लावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. बरं नसेल.

२१ एप्रिल

सही केली. मारोतराव म्हणाले, "वहिनी, तुमचं अक्षर फार छान आहे."

१२ मे

ऊन अंगाला चटके देतं आहे. अजनीच्या क्वार्टरमध्ये दोनच खोल्या, म्हणून भांडी बरीच वाटून टाकली. भाताचे मोठाले गंज विहाराला दिले. मोठीमायची खाट मनोहररावांनी मागितली, पण क्वार्टरच्या दारातून आत जाईना. ती परत आणली आणि अभ्यासिकेच्या कमेटीनं ती टेबल करायला सुताराकडे टाकली.

आज अंगणातली चूल काढली. तिथं सायकली ठेवायला शेड करायची आहे. मजूर कुदळ मारत होते आणि दगड निघत नव्हते. इतकी वर्षं सारवून सारवून ते एकजीव झाले होते. एक मजूर म्हणाला, "बाई, हे तं देवळावानी बांधलं." मी म्हणाले, "पाणी टाका, भिजलं म्हणजे निघेल." मीच आणून दिलं पाणी.

सत्यवती हे बघायला थांबली नाही. परीक्षा झाल्यापासून ती दिवसभर कौसल्याकडे असते.

१७ जून

काल अभ्यासिकेचं उद्घाटन झालं. दारावर बोर्ड लागला आहे. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, 'मातोश्री जयवंताबाई स्मृती अभ्यासिका'. आतली भिंत पाडून एकच मोठी खोली केली आहे. मोठीमायचा फोटो मोठा करून लावला. फोटोत ती अगदी गरीब स्वभावाची दिसते.

भाषणं झाली. मनोहरराव म्हणाले, "शेवटी आईची वाचा गेली होती. तिला खूप काही सांगायचं असेल, पण अर्थाचं काही बोलता येत नव्हतं." मी चहाचे कप भरत होते. स्वयंपाकघर राहिलं नाही, म्हणून मागच्या गल्लीत स्टोव्ह ठेवला होता. वाऱ्यानं सारखा विझत होता.

पुढच्या रांगेत एक खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती, असं नंतर मारोतराव म्हणाले. "वहिनी, तुम्ही आल्याच नाहीत." चहा कुणी केला असता?

९ जुलै

अजनी. प्रेमिला, म्हणजे माझी जाऊ, चांगली आहे. वावगं बोलत नाही. तिची कामाची पद्धत ठरलेली आहे, म्हणून मी विचारून करते. सकाळी विचारते, भाजी काय करायची. ती सांगते. मग मी करते. दारावर कुणी येत नाही. रेल्वेचे भोंगे येतात, तेवढेच.

काल चुकून भात जास्त झाला. प्रेमिला काही बोलली नाही, फक्त पातेल्यात बघितलं.

माझं मोठीमायवर प्रेम होतं का? हे मी रोज स्वतःला विचारते. सगळ्यांचं होतं, ते सांगतात तेव्हा दिसतं. माझं कसलं होतं? मी तिची कामं केली. तिनं एकदा तरी म्हणावं, उत्तरा, तू चांगली आहेस, अशी वाट पाहत होते. ती जगाला बोलली, मला बोलली नाही. आणि आता तिच्यावाचून मला बसल्या जागेवरून उठावंसं वाटत नाही. याला काय म्हणतात, मला माहीत नाही.

३ ऑगस्ट

सत्यवतीला नर्सिंगला जागा मिळाली, वर्ध्याला. तिथं होस्टेल आहे. काकांना आनंद झाला. मी तिचं सामान बांधलं. रिक्षात बसताना मी म्हणाले, "सुट्टीत घरी ये."

ती म्हणाली, "घर कुठी हाय?"

रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. मग तिनंच माझा खांदा दाबला. रिक्षा वळेपर्यंत मी उभी होते, तिनं मागं पाहिलं नाही. लहानपणी ती मोठीमायच्या मागं मोर्चात जायची, तेव्हाही मागं पाहायची नाही.

२९ ऑगस्ट

लिहिण्यासारखं काही नाही. पाऊस.

दसऱ्याचा आदला दिवस

सकाळी प्रेमिलाला म्हणाले, अभ्यासिका बघून येते. शहर बसनं गेले.

दाराला कुलूप होतं. संध्याकाळी पाचला उघडते, असं पाटीखाली लिहिलं आहे. चावी सेक्रेटरीकडे, आणि तो दसऱ्याच्या तयारीला मैदानावर गेलेला. कौसल्याच्या घरालाही कुलूप. दारासमोर रस्त्याच्या कडेला, उन्हात, दहा-पंधरा माणसं गाठोडी घेऊन बसली होती. मी लांबूनच ओळखलं. रामटेकापलीकडच्या गावची, दर दसऱ्याला येणारी. बहुतेक पोरं नवी होती, पण मध्ये प्रयागबाई बसली होती. तिला दात नाहीत, म्हणून तिचा भात मी वेगळा, मऊ करायचे. आता तिच्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरले आहेत, दोन्ही पांढरे दिसत होते.

बरोबरचा एक पोरगा मला म्हणाला, "बाई, हे मोठीमायचं घर होय ना? कोणी दारच उघडून नाही राहिलं."

मी सांगितलं, मोठीमाय गेली. फेब्रुवारीत.

पोरानं प्रयागबाईच्या कानाशी वाकून सांगितलं. तिनं मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "आन हे घर?"

"अभ्यासिका झाली. पोरं अभ्यास करतात."

"चांगलं झालं," ती म्हणाली. "मंग आमी कुठी टेकाव?"

मी सांगितलं, मैदानाजवळ मंडप घातला आहे, तिथं जेवणाचीही सोय आहे. पाणी पाहिजे होतं त्यांना. नळाला पाणी नव्हतं. मी समोरच्या घरातून पाण्याचा गुंड मागून आणला आणि सगळ्यांना ओंजळीत पाणी घातलं. प्रयागबाई पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तिची एक सून होती. चुलीपाशी राहे. थे कुठी हाय?"

मला सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. पण मग तिनं म्हटलं असतं, चाल मंग, तुया घरी टेकतो. आणि मी त्यांना कुठं नेणार होते? प्रेमिलाच्या दोन खोल्यांत?

मी म्हणाले, "ती राहत नाही आता इथं."

"मेली का?"

मी रिकामा गुंड उचलला. प्रयागबाईनं मान हलवली. "मेलीच असन. मोठीमायच्या मागं थे कशी राहन." मग त्या पोराला सांगू लागली, जशी काही मी तिथं नव्हतेच. "मोठीमाय मले सांगे, प्रयागे, लोक माहं नाव घेते, पण हे घर तिच्यानं उघडं हाय. थे रोज चूल पेटवते म्हणून मी बाहेर मिरवते. हे तिच्या तोंडावर बोलाले मले जमत नाही म्हणे, लाज वाटते." एवढं बोलून तिनं बंद दाराकडे तोंड करून हात जोडले. तिचं पाहून पोरांनीही जोडले. सगळ्यांनी जोडले, म्हणून मीही जोडले.

मग ती माणसं गाठोडी उचलून मैदानाकडे निघाली. मी कोपऱ्यापर्यंत वाट दाखवायला गेले. प्रयागबाईनं माझ्या हाताला धरलं होतं. वळणावर हात सोडताना म्हणाली, "तू कोणाची वं, बाई?"

मी म्हणाले, "इथलीच होते."

बसमध्ये बसायला जागा मिळाली. प्रयागबाईला आता दिसत नाही, वयही झालं आहे, आणि मेलेल्या माणसाबद्दल सगळे चांगलंच बोलतात. मोठीमाय असं काही म्हणाली असेल, असं मला वाटत नाही. लाजणारी बाई नव्हती ती.

अजनीला उतरले तेव्हा चार वाजले होते. प्रेमिलानं विचारलं, "पाहिली का अभ्यासिका?" मी म्हणाले, "बंद होती." उद्या सणाचा भात किती लावायचा, ते तिला विचारलं. तिनं सांगितलं तेवढे तांदूळ काढले आणि निवडायला बसले.